बायकांची साक्ष



'साक्ष' हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर आधी कोर्ट येतं. पिंजरा, वकील, शपथ. माझ्या घरात हा शब्द लहानपणापासून दुसऱ्या रूपात होता. आम्ही कलमा पढतो त्याला शहादत म्हणतात, आणि शहादत म्हणजे साक्षच. मराठी ख्रिस्ती मंडळींमध्ये या शब्दाला तिसरीच छटा आहे. घरगुती प्रार्थनेला दहा-बारा माणसं जमली, गाणी झाली, शास्त्रपाठ झाला, की कोणीतरी विचारतं, "कोणाला साक्ष द्यायची आहे का?" मग एखादी बाई उठते, पदर सारखा करते आणि गेल्या आठवड्यात आपल्यावर काय गुदरलं, त्यात देव कुठे होता, ते सांगते. कधी तो जवळ होता असं सांगते. कधी तो कुठे होता ते मला अजून कळलेलं नाही, असंही सांगते. दुसरं सांगायला जास्त धीर लागतो.

आज या साक्षीबद्दल, आणि त्यातही बायकांच्या साक्षीबद्दल बोलायचं आहे. मी मुसलमान, कविता करतो मराठीत, मग हा माणूस ख्रिस्ती बायकांच्या प्रार्थनेत कुठून शिरला, असं तुम्हाला वाटेल. शिरलो नाही, बोलावणं आलं होतं. ते आलं मिहानमधून.

जे श्रोते नागपूरचे नाहीत त्यांच्यासाठी मिहान म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. विमानतळ, मालवाहतुकीचं केंद्र आणि त्याला लागून विशेष आर्थिक क्षेत्र, असा हा प्रकल्प. २००२ साली त्यासाठी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव या गावांच्या जमिनी त्यात गेल्या. जिथे शेतं होती तिथे आता संगणकाच्या कंपन्या आहेत, विमानं दुरुस्त करण्याचा कारखाना आहे, एम्सचं रुग्णालय आहे आणि बाल्कनीत कपडे वाळत घातलेल्या उंच इमारती आहेत. २०१९ पासून खापरीहून सीताबर्डीला मेट्रोनं जाता येतं. मिहाननं जमिनी घेतल्या, तशी माणसंही आणली. केरळच्या नर्सेस आल्या, छत्तीसगडच्या जशपूरकडून सफाईच्या ठेक्यावर काम करणाऱ्या बायका आल्या, पुण्यातून आणि नगरकडून संगणकावर काम करणाऱ्या मुली आल्या. त्यांच्यात ख्रिस्ती बायका बऱ्याच आहेत.

तसा हा रस्ता ख्रिस्ती इतिहासाला नवा नाही. मिहानवरून वर्धा रोडनं पुढे गेलं की बुटीबोरी लागतं आणि त्याच्या बाजूला टाकळघाट. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची जुनी शिलावर्तुळं पाहून परतताना स्टीफन हिस्लॉप नाल्याच्या पुरात वाहून गेले. १८४५ साली नागपुरात आलेला हा स्कॉटिश मिशनरी. त्यांच्या नावाचं कॉलेज आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्याच स्कॉटिश परंपरेतलं, बायकांच्या उपचारांसाठी निघालेलं सीताबर्डीचं म्यूर मेमोरियल रुग्णालय १८९६ पासूनचं. तिथे सव्वाशे वर्षांत किती ख्रिस्ती बायकांनी रात्रपाळ्या केल्या असतील, किती बाळंतपणं काढली असतील! त्यांची नावं कशालाच नाहीत. असो.

मिहानमधल्या या बायकांना चर्च लांब पडतं. सदरला जा, नाहीतर मोहननगरला. रविवारी जिला ड्यूटी असते तिला तर ते आणखीच लांब. म्हणून त्या बुधवारी संध्याकाळी एका सदनिकेत जमतात. कोणी कॅथलिक, कोणी सीएनआयची, कोणी केरळच्या मार्थोमा मंडळीतली. पाळक नाही, फादर नाही. ज्या दिवशी जिच्या घरी चहा, त्या दिवशी शास्त्रपाठ तिनंच वाचायचा. खिडक्या मात्र लावून घेतात. मागे एकदा गाण्याचा आवाज खाली गेला आणि वर काय चाललंय याची चौकशी झाली. तेव्हापासून गाणं हळू आवाजात. रमजानमध्ये घरात तरावीहची नमाज ठेवली की दारापुढच्या चपला आत घेणारी कुटुंबं मला ठाऊक आहेत, त्यामुळे त्या लावलेल्या खिडक्यांचं मला कोणी स्पष्टीकरण द्यावं लागलं नाही.

त्यांच्यातल्या थोरल्या बाई मूळच्या नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरकडच्या. निवृत्त शिक्षिका. सगळ्या त्यांना आत्या म्हणतात. माझी पत्नी आणि त्या सकाळी बरोबर फिरायला जातात. त्यांनी निरोप धाडला : भाऊंना म्हणावं, तुम्ही मराठीचे कवी, आमच्या पोरींना लक्ष्मीबाई टिळक कोण होत्या ते सांगा. मी गेलो. दारातच आत्या "सलाम, भाऊ" म्हणाल्या. मी मुसलमान म्हणून नव्हे, त्यांच्याकडच्या जुन्या ख्रिस्ती घरांत एकमेकांनाही सलामच म्हणतात.

लक्ष्मीबाईंची गोष्ट नागपूरच्या माणसानं सांगण्यात एक औचित्य आहे. नारायण वामन टिळक 'रेव्हरंड' होण्याआधी याच शहरात होते. अप्पासाहेब बुटी या श्रीमंतांच्या आश्रयानं ते इथे संस्कृत ग्रंथांचं काम करत होते, 'ऋषि' नावाचं मासिक काढत होते. याच बुटी घराण्याच्या नावावरून बोरीची बुटीबोरी झाली म्हणतात. पुढे टिळक राजनांदगावकडे निघाले, आगगाडीच्या डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला, कवितेवरून आणि धर्मावरून गप्पा झाल्या, त्यानं बायबल वाचायला दिलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

नवऱ्याचा धर्म असा रेल्वेच्या डब्यातून, पुस्तकातून, दोन शिकलेल्या पुरुषांच्या चर्चेतून आला. बायकोचा धर्म आला पाण्याच्या हंड्यावरून, आणि त्याला पाच वर्षं लागली.

लक्ष्मीबाई म्हणजे माहेरची मनकर्णिका गोखले. जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाजारातून आलेली जिन्नस धुतल्याशिवाय घरात येत नसे. त्या धुण्यापुसण्यात ही मुलगी वाढली आणि अकराव्या वर्षी टिळकांच्या घरात आली. शाळा नाही. अक्षरओळख झाली ती नवऱ्यामुळे. आणि एक दिवस कळतं, की नवरा ख्रिस्ती झाला. पदरात लहानगा दत्तू. नातेवाईक म्हणतात, तो मेला असं समज. ती पंढरपूरला बहिणीच्या आधारानं राहते, आजारी पडते, कविता करते. अखेर नवऱ्याकडे नगरला येते, पण येते ती आपलं सोवळं घेऊन. चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांचं मोठेपण असं, की त्यांनी ते पाणी बाटवलं नाही.

त्या दिवसांत या बाईनं स्वतःशी जो हिशेब केला, तो मला मराठी गद्यातला फार धीट हिशेब वाटतो. ख्रिस्त कोण, हा प्रश्न तिनं आधी हातात घेतलाच नाही. तिनं आधी जातीचा प्रश्न घेतला. देवानं माणूस केला, जाती माणसांनी पाडल्या, या निर्णयाला ती स्वतःच्या डोक्यानं आली. नवऱ्याच्या प्रवचनानं नाही, मिशनरी मडमेच्या शिकवणुकीनंही नाही. मग हातचं पाणी कोणाचं, हा विचार गळाला. सोवळं सुटलं आणि त्यानंतर, १९०० साली, बाप्तिस्मा झाला. क्रम लक्षात घ्या. आधी पाणी, मग धर्म.

हे सगळं त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लिहिलं. १९३४ पासून पुढच्या दोन वर्षांत त्याचे चार भाग निघाले. २४ फेब्रुवारी १९३६ ला त्या गेल्या. पुस्तकात हसू इतकं आहे, की वाचणाऱ्याला दुःख उशिरा कळतं. घरात दाणा नसताना पाहुणे घेऊन येणारा, हातातले पैसे वाटेत देऊन येणारा नवरा त्यांनी जसा रंगवलाय तसा आपल्याकडे कोणी कोणाला रंगवलेला नाही. मी त्या बायकांना म्हटलं, नवरा संत असला की बायकोला बाजारहाट दुप्पट करावा लागतो. त्या हसल्या. केरळची नर्स म्हणाली, "संत नसला तरी करावा लागतो, सर."

लक्ष्मीबाईंचं नागपूरशी दुसरंही नातं आहे. १९३३ साली नागपुरात भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. कधीही शाळेत न गेलेली बाई साहित्य संमेलनाची अध्यक्ष! आमचं पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन सोलापुरात झालं ते १९९० साली. ख्रिस्ती मंडळी आमच्या कितीतरी पुढे होती आणि त्यांनी तेव्हाच एका बाईला अध्यक्ष केलं होतं.

माझं बोलणं संपलं. मला वाटलं, आता चहा होईल. पण आत्या म्हणाल्या, "आता साक्ष. भाऊ बसले तरी चालतील." पुढचं जे सांगतोय ते त्यांना विचारून सांगतोय. नावं सांगणार नाही असं ठरलं आहे.

पहिली उठली ती नर्स. पस्तिशीची. तिचं मराठी नागपुरी हिंदीच्या अंगानं जाणारं. २०२१ चा एप्रिल तुम्हाला आठवत असेल. नागपुरात खाटा मिळत नव्हत्या, प्राणवायू मिळत नव्हता. ती तेव्हा एका मोठ्या रुग्णालयात होती. ती म्हणाली, "ड्यूटी सुरू व्हायच्या आधी मी बेडच्या नंबरानं प्रार्थना करायची. चार नंबरला बरं कर, सात नंबरला श्वास दे. एकदा दोन दिवस सुट्टी घेऊन परत आले. नंबर तेच होते, माणसं सगळी दुसरी होती. मला कळेना, मी मागितलेलं कोणाला मिळालं? त्यानंतर तीन महिने मी देवाशी बोलले नाही. पण ड्यूटीला जात होते. आता वाटतं, ते जाणं म्हणजेच बोलणं असेल." मग थोडं थांबून म्हणाली, "नसेलही. आता मी नाव विचारते. बेशुद्ध असला तर फाइलवर वाचते. नावानं मागते." एवढंच बोलून ती खाली बसली. कोणी 'आमेन' म्हटलं नाही, कोणी समजूतही काढली नाही. साक्षीचा हा नियम मला फार आवडला. मध्ये कोणी बोलायचं नाही, नंतर कोणी उत्तर द्यायचं नाही.

आत्यांची साक्ष वेगळीच होती. त्या रडल्या नाहीत, किराण्याची यादी वाचावी तशी त्यांनी सांगितली. त्यांचे आजे-पणजे गावकुसाबाहेरचे. ख्रिस्ती झाले, मिशनच्या शाळेत शिकले. गावानं मात्र त्यांची जात विसरायला नकार दिला. विहीर वेगळी ती वेगळीच राहिली. सरकारनं मात्र जात विसरली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना ठेवल्या. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. त्यासाठीच्या याचिका २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहेत, २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका बाईला याच न्यायालयानं अनुसूचित जातीचा दाखला नाकारला. कारकुनाच्या नोकरीसाठी तिला तो हवा होता. तिचा बाप्तिस्मा झाला आहे, ती चर्चला जाते, तेव्हा नोकरीपुरतं हिंदू म्हणवता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं.

आत्यांच्या नात्यातल्या काहींनी कागदावर जुनी जात ठेवली आणि रविवारी चर्चला येतात. त्यांना आत्या नावं ठेवत नाहीत. "पोरांच्या पोटाचा प्रश्न आहे." पण स्वतः त्यांनी मुलाच्या आणि पुढे नातीच्या फॉर्मवर 'ख्रिस्ती' असंच लिहिलं. नातीची फी भरायला हातातल्या दोन बांगड्या विकल्या. त्या म्हणाल्या, "मी प्रभूला सांगितलं, तुझ्या नावाची किंमत मी फीमध्ये भरली. पावती माझ्याजवळ आहे." आणि त्यांनी खरंच पर्स उघडून कॉलेजची पावती दाखवली. श्रोतेहो, धर्मासाठी काय सोसलं याच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो. त्यात सिंह असतात, सुळावर चढणं असतं. पावती दाखवणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत. वर्षानुवर्षं हाच प्रश्न लोंबकळत ठेवणाऱ्यांनी ही पावती एकदा हातात घेऊन बघायला हवी.

कायद्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. शाहबानोचं नाव आपल्याला पाठ आहे. १९८५ चा तो निकाल आणि त्यावरचं वादळ. त्यानंतर वर्षाच्या आत, फेब्रुवारी १९८६ मध्ये, मेरी रॉय या केरळच्या बाईनं सर्वोच्च न्यायालयात एक लढाई जिंकली, ती आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नाही. त्रावणकोरच्या १९१६ च्या कायद्यानं ख्रिस्ती मुलीला बापाच्या मालमत्तेत मुलाच्या चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांतलं जे कमी असेल ते मिळे. जे कमी असेल ते! आमची नर्स म्हणाली, "माझ्या आजीला तेच पाच हजार मिळाले होते. तिनं ते चर्चला दिले. म्हणाली, एवढ्यात मी काय घेऊ?" तिच्या आईला पुढे हिस्सा मिळाला, पण भावाशी बोलणं बंद झालं.

आणि घटस्फोटाचा १८६९ चा कायदा तर देशभरच्या ख्रिस्ती बायकांना लागू होता. बायको व्यभिचारी आहे एवढं सिद्ध केलं की नवऱ्याला घटस्फोट. बायकोला मात्र नवऱ्याचा नुसता व्यभिचार पुरत नसे. त्याच्या जोडीला क्रूरपणा किंवा टाकून देणं सिद्ध करावं लागे, नुसता क्रूरपणाही चालत नसे. म्हणजे नवरा मारतो, पण बाई ठेवत नाही, तर रहा त्याच्याकडे. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं यातला अन्याय मान्य केला आणि २००१ साली संसदेनं कायदा बदलला. एकशे बत्तीस वर्षांनी. हे आपोआप झालं नाही. याच्यामागे वर्षानुवर्षं अर्ज करणाऱ्या, पाळकांच्या आणि बिशपांच्या दारात जाणाऱ्या ख्रिस्ती बायका होत्या. त्यांनी धर्म सोडला नाही आणि मारही सोसला नाही. मला माझ्या समाजातल्या, तलाकच्या प्रश्नावर झगडणाऱ्या बायका आठवल्या. त्यांनाही हेच ऐकावं लागलं, की एकतर श्रद्धा ठेवा, नाहीतर हक्क मागा.

त्या बैठकीत एक संगणकवाली मुलगी होती, विशीतली, इंग्रजी शाळेत शिकलेली. ती कुरकुरली, की मराठी बायबल आपल्याला जड जातं. आत्यांनी तिला पंडिता रमाबाईंची आठवण करून दिली. रमाबाईंना हीच अडचण दिसली होती. साध्या बायकांना कळेल असं बायबल हवं म्हणून त्या पन्नाशीच्या आसपास हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या आणि सगळं बायबल मराठीत आणलं. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या, तेव्हा काम नुकतंच हातावेगळं झालं होतं. १९२४ मध्ये ते छापून निघालं. खिळे जुळवले, छपाई केली, ती केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी. त्या मुक्तीत आमच्या या भागातल्याही मुली होत्या. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात आल्या आणि तीनशेच्या आसपास बायका-मुली केडगावला घेऊन गेल्या.

रमाबाईंची मला आवडणारी गोष्ट मात्र दुसरी आहे. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या जोगिणींनी क्रॉस घालायला सांगितला, त्यावर लॅटिन अक्षरं. रमाबाई म्हणाल्या, मला लॅटिन येत नाही, माझ्या देशातल्या बायकांनाही येत नाही, मग त्या अक्षरांना मी पवित्र का मानू? संस्कृत असेल तर घालीन. खाण्यापिण्यावरून, आपल्या लेकीला काय शिकवायचं यावरून, देवाचं रूप कसं समजायचं यावरून त्यांनी त्या जोगिणींशी पत्रांतून वाद घातला. हिंदू पंडितांशी भांडलेली बाई ख्रिस्ती झाली म्हणून गप्प बसली नाही. ती मुलगी हे ऐकून एवढंच म्हणाली, "मग मीही विचारू शकते." आत्या म्हणाल्या, "विचार की. चहा थंड होईल एवढंच."

त्या दिवशीचा शास्त्रपाठ होता उत्पत्तीच्या पुस्तकातला, हागारचा. अब्राहामाची दासी. मालकिणीच्या सांगण्यावरून तिला लेकरासकट वाळवंटात काढून दिलं. मसकीतलं पाणी संपतं, ती लेकराला झुडपाखाली ठेवते, बाणाच्या टप्प्याइतकी लांब जाऊन बसते आणि रडते, कारण लेकराचं मरण तिला बघवत नाही. मग देव तिला विहीर दाखवतो. वाचून झाल्यावर आत्यांनी मला विचारलं, "तुमच्यात ही आहे ना, भाऊ?" आहे तर. आमची बीबी हाजरा. पण आमच्याकडे ती बसत नाही. लेकराला पाणी मिळावं म्हणून ती सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात वेळा धावते आणि मग लेकराजवळ जमजम फुटतो. आजही हज करणारा प्रत्येकजण, राजा असो की रंक, त्या दोन टेकड्यांमध्ये सात फेऱ्या घालतो. पाण्यासाठी एक दासी धावली, तिची नक्कल करतो.

जशपूरची बाई तोवर काही बोलली नव्हती. उरावं आदिवासी, सफाईच्या ठेक्यावर. तिची साप्ताहिक सुट्टी फिरती असते. रविवार मागितला तर त्या दिवसाची मजुरी जाते, म्हणून ती महिन्यातून एकच रविवार चर्चला जाते आणि बाकीचे रविवार काचेच्या इमारतीत फरशी पुसते. खापरीला खोलीवर राहते, दोन मुलं गावी आजीकडे. ती हिंदीत बोलली, मी मराठीत सांगतो. ती म्हणाली, "चाचाजी, तुमच्यातली बरोबर वाटते. लेकरू तहानलं असताना बाई बसत नाही. बसून रडणारी ज्यांनी लिहिली, त्यांनी कदाचित लांबून पाहिलं असेल."

नर्स लगेच म्हणाली, "नाही. मी दोन्ही केलंय. आधी धावले, मग बसले." मग त्या दोघींमध्ये असा काही वाद रंगला, की कोणा मौलानानं किंवा बिशपानं ऐकायला हवा होता. हागार आधी धावली की आधी बसली? लेकराला झुडपाखाली का ठेवलं, कडेवर का नाही घेतलं? नर्स म्हणे, थकली होती. जशपूरची म्हणे, सावली शोधली, रडायला नव्हे, सावलीसाठी. माझी पत्नी, जी एरवी अशा ठिकाणी बोलत नाही, ती म्हणाली, "घरातून काढताना मसक भरून दिली होती ना? मोजून दिली असणार." या वाक्यानं सगळ्या गप्प झाल्या.

आपल्या मराठीत देवाशी असं घरगुती भांडण करणारी जनाबाई आहे, लक्ष्मीबाई आहेत. पण त्यांच्यामधल्या आणि त्यांच्यानंतरच्या हजारो बायकांची साक्ष बोलली गेली आणि हवेत विरली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार होते, शेकडा एकाच्याही आत. त्यांत वसईच्या सिसिलिया कार्व्हालो आहेत, अनुपमा उजगरे आहेत, त्या लिहितात. पण फरशी पुसणारीची साक्ष लिहायची कोणी?

आत्यांच्या डोक्यात यावर एक कल्पना आहे. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जगभरच्या चर्चमध्ये बायकांचा प्रार्थना दिवस असतो. १९२७ पासून तो जगभर होतो. त्याची पद्धत अशी, की दर वर्षी एका देशातल्या बायका आपल्या जगण्यावरून ती उपासना लिहितात आणि बाकीचं जग ती वाचतं. २०२४ मध्ये पॅलेस्टाईनच्या बायकांनी लिहिलेली होती, २०२५ मध्ये प्रशांत महासागरातल्या कुक बेटांवरच्या बायकांची. आत्यांचं म्हणणं, कुक बेटं लिहितात तर मिहाननं का लिहू नये? प्रत्येकीनं एक पान लिहायचं. आपल्याला येईल त्या भाषेत, जमेल त्या अक्षरात. माझं काम फक्त ती पानं नीट उतरून काढायचं. भाषा सुधारायची नाही, अशी मला सक्त ताकीद आहे.

आतापर्यंत चार पानं आली आहेत. नर्सचं मल्याळममध्ये आहे, तिच्या मैत्रिणीकडून मी ते समजून घेतोय. संगणकवालीनं रोमन लिपीत मराठी लिहून मोबाइलवर पाठवलंय. आत्यांचं पान मोत्यासारख्या अक्षरात, पावतीच्या नंबरासकट. एक पान माझ्या पत्नीचंही आहे, ते तिनं मला अजून वाचू दिलेलं नाही. जशपूरच्या बाईला लिहिता येत नाही. ती सांगणार आणि मी लिहिणार, असं ठरलंय. बुधवारी मी वही घेऊन गेलो होतो. ती आली नव्हती, तिची ड्यूटी संध्याकाळची झाली आहे.